नागपूरभोवती चार दिवस सायकलने: नगरधन, रामटेक, नायकुंड, धापेवाडा, जुनापाणी

काही वर्षांपूर्वी मी प्रथमच सायकलने रामटेकला गेलो, तेव्हा पहाटे निघून संध्याकाळपर्यंत नागपूरला परतायचे, म्हणजे एका दिवसात १०० किलोमीटर पूर्ण करायचे, एवढे एकच लक्ष्य माझ्यापुढे होते. ते पूर्ण झाले. मात्र वाकाटक या प्राचीन राजघराण्याची राजधानी असलेले नगरधन माझ्या वाटेपासून अवघ्या ८-९ किलोमीटरवर राहून गेले, मनसरची टेकडी मी महामार्गावरून नुसती पाहिली, आणि रामटेकच्या नरसिंह मंदिरांपुढून पाणी पीत निघून गेलो. त्यानंतर आखलेल्या प्रत्येक फेरीत मी आधी थांबण्याच्या जागा ठरवल्या आणि किलोमीटर नंतर मोजले. पुढे दिलेली चार दिवसांची, एकूण सुमारे १९५ किलोमीटरची फेरी त्याच पद्धतीने बांधलेली आहे. ती नागपूरहून ईशान्येला निघते, उत्तरेकडून पश्चिमेला वळते आणि काटोल रस्त्याने परत शहरात येते.

नागपूर जिल्ह्याचा हा भाग बहुतांशी सपाट आहे. कन्हान, पेंच, कोलार आणि चंद्रभागा या नद्यांच्या खोऱ्यांमुळे रस्त्याला हलका उतार आणि हलका चढ येत राहतो, पण रामटेकच्या गडाचा अपवाद सोडला तर सायकल हातात धरून चालावे असा चढ वाटेत कुठेही लागत नाही. येथील इतिहास उंच कड्यांवर बसलेला नाही. तो शेतांना लागून, तलावांच्या काठी, कधी गुडघाभर उंचीच्या दगडी वर्तुळांत, तर कधी बुरुजांच्या रूपात सपाट जमिनीवरच आहे, आणि म्हणून मोटारीच्या वेगात तो नजरेतून सुटतो.

केव्हा निघावे

दिवाळीनंतरचा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा या फेरीसाठी योग्य काळ आहे. मार्चच्या मध्यानंतर दुपारचे ऊन त्रासदायक होते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जात असल्याने त्या काळात दिवसभराची सायकल सफर आखणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावरून जाता येते, परंतु पांदण रस्त्यावर एकदा उतरले की काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये अशी घट्ट बसते की सायकल पुढेही ढकलता येत नाही आणि मागेही. शिवाय नाल्यांवरचे रपटे जोरदार सरीनंतर पाण्याखाली जातात. वाहत्या पाण्यातून रपटा ओलांडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, पाणी घोट्याएवढे दिसत असले तरीही.

डिसेंबरात नागपूरला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच-पावणेसहाच्या दरम्यान मावळतो. म्हणजे उजेडाचे अकरा तासही पुरते मिळत नाहीत. मी सात वाजता सायकलवर बसतो आणि चार वाजेपर्यंत मुक्कामाला पोहोचण्याचा हिशेब ठेवतो, त्यामुळे पंक्चर, चुकलेला फाटा किंवा एखाद्या आजोबांशी लांबलेले बोलणे यांसाठी दीड तास हाताशी राहतो. हिवाळ्यात येथे वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून आणि मंद असतो. फेरी रामटेकच्या बाजूने सुरू केली की ताज्या पायांनी पहिल्या दिवशी वाऱ्याला तोंड देता येते, आणि थकलेल्या शेवटच्या दिवशी तोच वारा पाठीशी येतो. उलट दिशेने हीच फेरी मी एकदा केली आहे आणि पुन्हा करणार नाही.

संत्र्यांचा विचारही काळ ठरवताना करावा. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे तोडणीला येतात. सावनेर आणि कळमेश्वर तालुक्यांतून जाताना बागा भरलेल्या पाहायच्या असतील तर नोव्हेंबरअखेर किंवा फेब्रुवारीचा पूर्वार्ध निवडावा. नोव्हेंबरात पूर्वेकडे, मौदा आणि रामटेक तालुक्यांत, धानाची कापणी आणि मळणीही दिसते. एकाच फेरीत धानाचा आणि संत्र्यांचा असे दोन्ही प्रदेश पाहायला मिळतात, ही या वर्तुळाची मला वाटणारी खरी श्रीमंती आहे.

सायकल आणि सामान

या फेरीला महागडी सायकल लागत नाही. ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर, मागे मजबूत कॅरियर, दोन्ही चाकांना मडगार्ड आणि नीट चालणारे ब्रेक असले की पुरे. अगदी बारीक टायरची शर्यतीची सायकल गावांतल्या खडीच्या तुकड्यांवर त्रास देते, आणि जाड खाचांचा टायर डांबरावर विनाकारण दमवतो. गिअर असल्यास उत्तम, पण गिअर नसलेल्या चांगल्या साध्या सायकलनेही ही फेरी पूर्ण होते, फक्त रोजच्या वेळेत एक तास वाढवावा.

निघण्यापूर्वी सीटची उंची स्वतः तपासून पाहावी. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवल्यास पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, म्हणजे प्रत्यक्ष चालवताना, पायाचा चवडा पॅडलवर असताना, गुडघ्यात हलका बाक राहतो. सीट खाली ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि तिसऱ्या दिवशी गुडघे दुखू लागण्याचे ते सर्वांत सामान्य कारण आहे.

पंक्चरचा विषय या प्रदेशात थोडा विस्ताराने समजून घेतला पाहिजे. बाभळीचा काटा आणि सराटा, म्हणजे गोखरूचे काटेरी फळ, हे दोघे पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला मुबलक असतात. मोठी गाडी आली की आपण सायकल कडेच्या मातीत उतरवतो, आणि सराटा तेथेच पडलेला असतो. नगरधनच्या वाटेवर एका सकाळी माझ्या दोन्ही चाकांतून मिळून सात काटे निघाले. तेव्हापासून मी कडेला उतरल्यावर पुन्हा डांबरावर येताच थांबतो, चाक हाताने फिरवतो आणि रुतलेले काटे ट्यूबपर्यंत पोहोचण्याआधी काढतो. या कामाला अर्धा मिनिट लागतो आणि निम्मी पंक्चरे टळतात. ट्यूब बदलताना टायरच्या आतल्या बाजूने बोट फिरवून काटा खरोखर निघाला आहे याची खात्री केल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये.

गावातल्या सायकल दुकानात साध्या सायकलच्या ट्यूब, स्पोक, चेन आणि ब्रेकचे रबर मिळते, आणि तेथील कारागीर हुशार असतात, पण आधुनिक सायकलच्या ७००-सी मापाच्या ट्यूब नागपूर सोडल्यावर मिळतील असे धरून चालू नये. आपल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा प्रेस्टा प्रकारचा असेल तर गावातला पंप त्याला बसत नाही. त्यासाठी पितळेचा छोटा अडॅप्टर आणि स्वतःचा हातपंप ठेवावा. दोन सुट्या ट्यूब, पंक्चरचे साहित्य, टायर काढायच्या पट्ट्या, षटकोनी पान्यांचा संच, चेन जोडण्याची एक कडी, थोडे तेल आणि जुन्या कापडाचा तुकडा एवढे सोबत असले की बहुतेक अडचणी रस्त्यावर सुटतात.

सामान आठ ते दहा किलोंच्या आत ठेवावे आणि ते पाठीवर घेऊ नये. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना समान वजनाच्या पिशव्या लावल्या तर सायकल स्थिर राहते, पाठीला घाम साचत नाही आणि खांदे मोकळे राहतात. पिशव्या महाग वाटल्यास जाड ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवून घेता येतात, फक्त त्यांचा बंद चाकात अडकणार नाही हे पाहावे. हिवाळ्याच्या पहाटे येथे चांगलीच थंडी असते आणि दहानंतर सदऱ्यावरही उकडते, म्हणून एक जाड कपडा घेण्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. हेल्मेट, मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा दिवा आणि चकाकणारी पट्टी या गोष्टी दिवसा प्रवास असला तरी घ्याव्यातच, कारण धुक्याच्या सकाळी ट्रकचालकाला आपण दिसणे महत्त्वाचे असते.

चार आठवड्यांची तयारी

नियमित सायकल न चालवणाऱ्या व्यक्तीने चार आठवडे आधी सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड फुटाळा, अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या बाजूने १५ किलोमीटर. दुसऱ्या आठवड्यात रविवारी कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिर पाहून परत, म्हणजे ३०-३५ किलोमीटर. जपानच्या सहकार्याने १९९९ साली उभे राहिलेले हे बौद्ध मंदिर आणि त्याचे आवार शांत आहे, तेथे तासभर बसून परतावे. तिसऱ्या आठवड्यात तेवढेच अंतर पूर्ण सामान लादून करावे. सामान लादलेली सायकल वळणावर वेगळी वागते आणि ब्रेक दाबल्यावर उशिरा थांबते, याची सवय शहराजवळ झालेली बरी. चौथ्या आठवड्यात लागोपाठ दोन दिवस ४० किलोमीटर चालवून पाहावेत. पहिल्या दिवशीचे अंतर कोणालाही जमते, दुसऱ्या सकाळी पुन्हा सीटवर बसता येते का हे पाहायचे असते.

याच दिवसांत एक दुपार अजब बंगल्यासाठी, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयासाठी, राखून ठेवावी. तेथील दालने पाहून निघाले की वाटेतल्या विटांना, दगडांना आणि मातीच्या ढिगाऱ्यांना अर्थ येतो.

पहिला दिवस: नागपूर, कामठी, नगरधन, रामटेक (सुमारे ५० किलोमीटर)

इंदोरा आणि ऑटोमोटिव्ह चौकातून कामठी रस्त्याला सकाळी सातच्या सुमारास लागावे, कारण नऊनंतर हा रस्ता गजबजतो. पोहे शहरातच खाऊन घ्यावेत, पण तर्री बेताने घ्यावी. तिखट तर्रीवर सायकल चालवणे पोटाला जड जाते. १८२१ साली वसवलेली कामठीची छावणी ओलांडून पुढे कन्हान नदीचा पूल लागतो. पुलावर थांबू नये, पलीकडे उतरून थांबावे, कारण वाळूचे आणि कोळशाचे ट्रक येथून सतत जात असतात.

कन्हानहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ सरळ मनसरला जातो आणि तेथून रामटेक पाच-सहा किलोमीटर राहते. हा मार्ग सोपा आहे आणि घाईत असलेल्याने तोच घ्यावा, अर्थात डाव्या कडेची पट्टी न सोडता. परंतु आपल्याला नगरधन पाहायचे आहे, म्हणून कन्हानहून तारशाच्या बाजूच्या गावरस्त्यांनी ईशान्येकडे सरकावे. हे रस्ते अरुंद आहेत, वाहने कमी आहेत, आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागतात. फाट्यावर मोबाइलचा नकाशा पाहण्यापेक्षा माणसाला विचारावे. नकाशा पांदण रस्त्यालाही सडक समजतो आणि वावरात नेऊन सोडतो. विचारताना ‘नगरधनला हाच रस्ता जातो का’ असे विचारू नये, कारण भिडेखातर ‘हो’ असे उत्तर मिळू शकते. ‘नगरधनला कोणता रस्ता जातो’ असे विचारावे.

नगरधनचा भुईकोट गावाला लागूनच आहे. आज दिसणारी तटबंदी, बुरूज आणि दरवाजा भोसलेकालीन बांधणीचे आहेत, मात्र जागा त्याहून कितीतरी जुनी आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांतील नंदिवर्धन म्हणजे हेच नगरधन, असे अभ्यासक मानतात. येथे २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी केलेल्या उत्खननात मातीची एक लहानशी मुद्रा सापडली. तिच्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्ताचे नाव आणि शंखाची आकृती आहे. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. पतीच्या अकाली मृत्यूनंतर मुले लहान असताना तिने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रदेशाचा कारभार स्वतः चालवला. तटावरून चालताना एवढे लक्षात असले तरी पुष्कळ आहे.

किल्ल्याच्या आत पायऱ्यांच्या विहिरीत, जमिनीच्या पातळीखाली, देवीचे स्थान आहे. तेथे पादत्राणे काढून उतरावे आणि ओल्या पायऱ्यांवर जपून पाय टाकावा. किमान दीड तास येथे द्यावा. आसपासच्या शेतांत खापरांचे तुकडे पडलेले दिसतात. ते उचलून आणू नयेत, कारण खापर जागेवरून हलले की त्याने सांगायची गोष्ट संपते, आणि संरक्षित स्थळावरून वस्तू नेणे कायद्यानेही गुन्हा आहे. नगरधनहून रामटेक आठ-नऊ किलोमीटर आहे आणि गडाची टेकडी समोर दिसत राहते, त्यामुळे रस्ता चुकण्याचा प्रश्न नाही. रामटेकला लॉज आणि धर्मशाळा आहेत. कार्तिक पौर्णिमेच्या आसपास यात्रा असते, त्या दिवसांत आधी फोन करून जागा ठरवल्याशिवाय निघू नये.

दुसरा दिवस: रामटेक, अंबाळा, खिंडसी, मनसर (सामानाविना सुमारे ३० किलोमीटर)

या दिवशी सामान मुक्कामी ठेवावे. काही मित्र हा दिवस गाळून थेट सावनेरकडे निघतात. माझ्या मते गाळायचाच असेल तर दुसरा कोणताही दिवस गाळावा, हा नाही.

सकाळी अंबाळा तलावाकडून सुरुवात करावी. तलावाभोवती जुनी देवळे आणि घाट आहेत, आणि तेथून पायऱ्यांनी गड चढता येतो. सायकल खाली कुलूप लावून ठेवावी. वरपर्यंत डांबरी रस्ताही आहे, परंतु त्याचा चढ तीव्र आहे आणि उतरताना ब्रेक तापतात. गडावरची वानरे पिशवी ओढून नेतात, म्हणून खाण्याचे पदार्थ हातात धरू नयेत आणि प्लॅस्टिकची पिशवी तर दिसूच देऊ नये.

गडमंदिर, म्हणजे राम-लक्ष्मणाची देवळे, सर्वजण पाहतात. त्याच टेकडीवरची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन मंदिरे मात्र अनेकजण पाहत नाहीत. ही लाल दगडाची, ठेंगणी, शिखर नसलेली मंदिरे पाचव्या शतकातली आहेत. केवल नरसिंह मंदिरातील शिलालेखात प्रभावतीगुप्ताच्या कुटुंबाचा उल्लेख येतो. काल ज्या राणीची राजधानी पाहिली तिच्या घराण्याची पूजास्थाने आज पाहायची, असा हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे. मंदिर उघडे नसेल तर तेथील माणसाला नम्रपणे विचारावे. मेघदूतातील रामगिरी म्हणजे हीच टेकडी, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले आणि ते विदर्भात घराघरांत रुजले आहे. गडावर कालिदास स्मारकही आहे.

गड उतरल्यावर खिंडसी तलावाच्या काठी विसावा घ्यावा. रामटेकची विड्याची पाने पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत, जेवणानंतर पान खायचे असेल तर ती संधी येथे आहे. दुपारी ऊन उतरल्यावर मनसरला जावे. महामार्गालगतच्या हिडिंबा टेकडीवर उत्खननातून विटांच्या भव्य बांधकामाचे थर उघडे झाले आहेत, आणि वाकाटकांची नंतरची राजधानी प्रवरपूर येथेच होती असे काही अभ्यासकांचे मत आहे. येथे सापडलेली शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात विटांचे थर स्पष्ट दिसतात, पण अंधार पडण्यापूर्वी रामटेकला परतावे, कारण मनसरच्या बाजूला मँगनीजच्या खाणी असल्याने ट्रक चालू असतात.

तिसरा दिवस: रामटेक, नायकुंड, पारशिवनी, खापा, सावनेर (सुमारे ५५ किलोमीटर)

हा या फेरीतला सर्वांत निवांत आणि माझा आवडता दिवस आहे, आणि पाण्याच्या दृष्टीने सर्वांत काळजीचाही. निघताना तीन लिटर पाणी भरून घ्यावे. हिवाळ्यातही तासाला अर्धा लिटर पाणी पोटात जायला हवे, आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट घ्यावेत. दुपारच्या एका बाटलीत चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू घालावे.

मनसरहून महामार्गाने दक्षिणेला आमडी फाट्यापर्यंत यावे आणि तेथून पारशिवनीच्या रस्त्याला वळावे. महामार्गाचा हा तुकडा सकाळी लवकर संपवावा. वळल्यावर वाहनांचा आवाज मागे पडतो. पारशिवनीच्या अलीकडे पेंच नदीकाठी नायकुंड हे गाव आहे. १९७८ ते १९८० च्या दरम्यान झालेल्या उत्खननात येथे महापाषाणयुगीन, म्हणजे मोठे दगड मांडून मृतांची स्मारके उभारणाऱ्या, लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. आज पाहायला भट्टी नाही, पण नदीकाठी बसून एवढा विचार करावा की येथून जवळच रानात लाकूड होते, नदीत पाणी होते आणि अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी येथील माणसाला धातू वितळवण्याचे तंत्र ठाऊक होते. आपल्या सायकलच्या पोलादाला या प्रदेशात एवढा जुना पूर्वज आहे, हे मला दरवेळी नव्याने जाणवते.

पारशिवनीच्या उत्तरेला पेंचच्या काठी भिवगडाचे अवशेष आहेत. तेथील वाट झाडोऱ्यातून जाते आणि पुढे पेंचचे जंगल सुरू होते. गावातला माहितगार सोबत असेल आणि दुपारपूर्वी परतता येत असेल तरच जावे. एरवीही या पट्ट्यात संध्याकाळी सायकल चालवू नये. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरे पिकांत उतरतात आणि अचानक रस्त्यावर येतात.

जेवण पारशिवनीत करावे. मोठ्या हॉटेलची अपेक्षा नसावी. झुणका-भाकर, वांग्याचे भरीत किंवा वरण-भात मिळाला तर सायकलस्वाराला याहून योग्य अन्न नाही. सावजी जेवणाचा मोह रात्रीच्या मुक्कामापर्यंत आवरावा. पुढचा खाप्यापर्यंतचा रस्ता वीसेक किलोमीटरचा आहे. कन्हानच्या काठी वसलेला खापा एकेकाळी हातमागाच्या कापडासाठी नावाजलेला होता. येथील अरुंद गल्ल्यांतून सायकल हातात धरून चालावे, जुनी लाकडी खांबांची घरे पाहावीत, आणि कोणाच्या घराचे छायाचित्र घ्यायचे असेल तर आधी विचारावे. या बाजूलाही खाणीचे ट्रक असतात. खाप्याहून सावनेर आठ-नऊ किलोमीटर आहे आणि तेथे मुक्कामाची सोय होते.

नागपूरला थेट परतायचे झाल्यास कोणी खापरखेडा आणि कोराडीचा रस्ता सुचवील. दोन्ही ठिकाणी औष्णिक वीज केंद्रे आहेत, कोळशाची आणि राखेची वाहतूक मोठी आहे, आणि श्वासाबरोबर धूळ आत जाते. सायकलसाठी तो रस्ता टाळावा.

चौथा दिवस: सावनेर, आदासा, धापेवाडा, कळमेश्वर, जुनापाणी, नागपूर (सुमारे ६० किलोमीटर)

सावनेरहून कळमेश्वरकडे जाणारा रस्ता संत्र्यांच्या बागांमधून जातो. तोडणी चालू असेल तर बागवानाशी बोलावे, रास्त किंमत देऊन संत्री विकत घ्यावीत, पण कुंपणाबाहेर लोंबणारे फळही विचारल्याशिवाय तोडू नये. आदासा मुख्य रस्त्यापासून थोडे आत, टेकडीवर आहे. तेथील अखंड पाषाणातील गणेशमूर्ती पुरुषभर उंचीपेक्षाही मोठी आहे आणि विदर्भाच्या अष्टविनायकांत तिची गणना होते. मंगळवारी आणि चतुर्थीला गर्दी असते. धापेवाडा चंद्रभागेच्या काठी आहे, आणि विठोबाच्या मंदिरामुळे त्याला विदर्भाचे पंढरपूर म्हणतात. आषाढी एकादशीनंतरच्या पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. हिवाळ्यात मात्र घाटावर शांतता असते, आणि पाण्यात पाय सोडून अर्धा तास बसावे अशी ती जागा आहे.

कळमेश्वरला दुपारचे खाणे आटोपून फेटरीच्या रस्त्याने नागपूरकडे यावे. या पट्ट्यातले माहूरझरी हे गाव प्राचीन काळी मण्यांसाठी प्रसिद्ध होते. अकीक आणि तत्सम दगडांचे मणी येथे घडवले जात, आणि येथील शिळावर्तुळांच्या उत्खननात घोड्यांना चढवायचे तांब्याचे अलंकारही सापडले आहेत. त्यापुढे, शहर दहा किलोमीटरवर आलेले असताना, जुनापाणीची शिळावर्तुळे लागतात.

येथे थांबल्याशिवाय फेरी पूर्ण झाली असे मी मानत नाही. माळावर सुमारे ३०० वर्तुळे आहेत. मोठमोठे न घडवलेले दगड गोलाकार मांडलेले आहेत, त्यांच्या मध्ये मातीचा आणि खडीचा उंचवटा आहे, आणि काही दगडांवर मुद्दाम कोरलेले वाटीसारखे खळगे ओळीने दिसतात. ही मृतांची स्मारके आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने आणि पुढे १९६१-६२ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी येथे उत्खनन केले. सायकल वर्तुळांमधून चालवू नये, ती बाहेर ठेवून पायी फिरावे. दगडांवर बसू नये. वाटीचे खळगे शोधायचे असतील तर चार वाजल्यानंतरचे ऊन सोयीचे, कारण सावली खळग्यात भरते आणि दुपारी न दिसलेली खूण उठून दिसते.

येथून निघताना पुढचा आणि मागचा दिवा लावून घ्यावा. गोरेवाड्यापासून काटोल नाक्यापर्यंत संध्याकाळी वाहने वाढतात, आणि चार दिवस मोकळ्या रस्त्यावर राहिलेल्या माणसाचे आरशाकडे आणि मागच्या हॉर्नकडे लक्ष कमी झालेले असते, म्हणून हे शेवटचे दहा किलोमीटर सर्वांत सावकाश चालवावेत.

मध्येच सोडावे लागल्यास

प्रकृती बिघडली किंवा सायकल मोडली तर परतीचा विचार आधीच केलेला असावा. रामटेकहून नागपूरच्या इतवारी स्थानकाकडे रेल्वेमार्ग आहे, त्याचे वेळापत्रक निघण्यापूर्वी पाहून ठेवावे आणि सायकल गाडीत कशी न्यायची याची चौकशी स्थानकावरच करावी. मनसर, सावनेर आणि कळमेश्वर येथून नागपूरला जाणारी वाहने सतत असतात, आणि मालवाहू छोट्या गाडीचा चालक ठरलेल्या भाड्यात सायकल आनंदाने नेतो. सर्वांत दूरच्या ठिकाणाहूनही नागपूर साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. घरच्यांना रोज संध्याकाळी मुक्कामाचे गाव कळवावे. घरी पोहोचल्यावर त्याच रात्री चेन पुसून तेल द्यावे आणि दोन्ही टायर उजेडात फिरवून पाहावेत. सराट्याचे एखादे टोक अजून रुतलेले असते आणि ते दोन दिवसांनी, ऑफिसला जाताना, ट्यूबपर्यंत पोहोचते.